सैल झाकणं

डॉक्टरनं उजेडाच्या काचेवर लावलेली एक्स-रेची फिल्म बघितली, मान न वळवताच "या आजी, हात दाखवा" म्हणाला, आणि आईनं आपला हात पुढे केला. मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले होते. त्यानं माझ्या नाकासमोरून हात लांब करून आईचं मनगट धरलं, खाली वाकवलं, वर वाकवलं, गोल फिरवलं. मनगट म्हणाल तसं फिरलं, नव्या दाराची बिजागरी फिरावी तसं. त्याच्या कपाळावर आठी आली. त्यानं पुन्हा फिल्मकडे बघितलं. फिल्ममध्ये मनगटाची छोटी छोटी हाडं एकमेकांत मिसळून त्यांचा एकच पांढरा गोळा झाला होता. "हे तुमचं नाहीये," तो आईला म्हणाला, जणू काही तिनं कुणाचं तरी उचलून आणलं होतं. "माझं आहे," मी म्हणाले. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग हनुवटीकडे, आणि तिथे त्याचे डोळे थांबले. डॉक्टरांना माझ्या हनुवटीवरून कळतं; बाकीच्यांना वाटतं ठेवणच तशी. "सॉरी हं," तो म्हणाला, "फिल्म बघून मला वाटलं, सत्तरीच्या बाईचा हात असणार." आणि आई हसली. लाजून हसली, हात मागे घेताना पदराखाली लपवला, कुणी कौतुक केल्यावर बायका लपवतात तसा. मला त्या डॉक्टरचा राग आला नाही. चूक कुणाकडूनही होते. मला राग आला तो आईनं हात पुढे केला याचा. तिला माहीत होतं आम्ही कुणासाठी आलोय. तरी कुणी हात मागितल्याबरोबर तिनं स्वतःचा चांगला हात दिला, आणि माझा मांडीवर तसाच राहिला.

"केव्हापासून आहे?" त्यानं मला विचारलं आणि उत्तर आईनं दिलं. अशा जागी उत्तरं तीच देते. "लहानपणी झालं होतं थोडंसं. सांधे सुजायचे. मग गेलं आपोआप. नंतर काही तक्रार नव्हती. ती कधी काही बोललीच नाही." शेवटचं वाक्य तिनं इतक्या सहज म्हटलं की डॉक्टरनं ते लिहूनसुद्धा घेतलं. मग त्यानं समजावून सांगितलं. आजार आता शांत आहे, रक्तात काही सापडत नाही. हे दिसतंय ते जुनं नुकसान, बहुतेक सगळं पहिल्या काही वर्षांतलं. जबड्याचंही तेच, तिथला सांधा लहानपणी बिघडला की खालचा जबडा वाढायचा राहतो. "तेव्हा औषध नीट चालू राहिलं असतं तर," एवढं म्हणून तो थांबला. माझ्याकडे बघून, आईकडे बघून, "अर्थात तेव्हा आत्तासारखी औषधं नव्हती म्हणा," असं म्हणून त्यानं ते वाक्य मिटवून टाकलं. उजव्या मनगटात धातूची एक पट्टी बसवायची, हाड हाडाला कायमचं जोडून टाकायचं. जी थोडी हालचाल उरलीये तीच दुखते. ती बंद केली की दुखणं बंद. "वळणार नाही मग," तो म्हणाला. "आता तरी कुठे वळतंय," मी म्हणाले, आणि तिघंही हसलो. ऑपरेशन मी करून घेणार होते. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मला एक गोष्ट हवी झाली, आणि ती पट्टीबिट्टी नव्हती. मला आईच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की मला दिसत होतं. एवढंच. तू बोलली नाहीस हे नको. मला दिसत होतं, हे.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि डॉक्टर किती हसतमुख होता ते सांगत राहिली. मला ओरडायचं होतं. ओरडायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड दोन बोटं जेमतेम जातील एवढंच उघडतं. आमच्या भाषेत रागासाठी केवढं काय काय आहे: मुठी आवळाव्यात, दातओठ खावेत, पाय आपटावेत, मान फिरवून निघून जावं. यातलं मला एकही जमत नाही. मुठी माझ्या बंद होत नाहीत. दातओठ खायला जबडा हलावा लागतो. पाय आपटला तर गुडघा माझ्यावरच उलटतो, आणि मान फिरवायची तर सगळं धड फिरवावं लागतं, मग त्यात तोरा काही राहत नाही. चिडलेली मी आणि न चिडलेली मी अगदी सारखी दिसते. म्हणून लोक म्हणतात, किती शांत आहे. नातेवाईक तर आईला सांगतात, पोरीनं कधी आवाज म्हणून चढवला नाही हो, नशीब काढलंस. आई ते ऐकून मान डोलावते. तिची मान डोलते.

माझ्या लहानपणच्या सकाळी मला आठवतात त्या छताच्या. डोळे उघडलेले असायचे आणि खाली सगळं बंद. कुणी रात्रीतून अंगावर ओली रेती ओतून ठेवली असावी, असं. आधी बोटांना आवाज द्यायचा, मग मनगटांना, मग गुडघ्यांना. गुडघे गरम असायचे. हात लावला की पोटऱ्या गार आणि गुडघे तापलेले. मग आई दारात यायची आणि विचारायची, "आज बरं आहे ना?" रोज हेच. त्या प्रश्नाला उत्तर एकच बसायचं. मी "हो" म्हणायचे आणि तिचा चेहरा सैलावायचा, आणि तो तसा सैलावलेला बघायला मिळावा म्हणून मी उद्याही "हो" म्हणणार हे मला आजच माहीत असायचं. कधी चुकून गप्प राहिले तर ती म्हणायची, "वाढीचं दुखणं असतं गं ते, उंच होणारेस तू." मी उंच झाले नाही. वर्गातल्या सगळ्यांत बुटकी मी. अभ्यासाला म्हणून ती मला घरातल्या सगळ्यांच्या आधी उठवायची. भाऊ तासभर जास्त झोपायचा आणि मी भिंतीला टेकून मांडीवर पुस्तक घेऊन बसायचे, पान उलटायला बोटं तयार होईपर्यंत. याचाही मला राग होता. त्याला झोप आणि मला भूगोल.

वाटेत बस बदलताना आईला घरी जायच्या बसमध्ये बसवून मी कामावर गेले. आम्ही कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, साचे करतो, मेणात दात बसवतो, जबडा तयार करून परत पाठवतो. एका लांब खोलीत तीन टेबलं, खिडकीवर पांढऱ्या धुळीचा थर, कोपऱ्यात पॉलिशचं चाक. मधलं टेबल माझं. मी दात बसवते. वरचा साचा आणि खालचा साचा एका छोट्या लोखंडी यंत्रात अडकवायचे, त्याला मागे बिजागरी असते, आणि मग ते उघडून मिटून बघायचं, दातावर दात नीट येतोय का. आम्ही त्या यंत्राला नुसतं 'जबडा' म्हणतो. ते इतकं सुरेख उघडतं की सुरुवातीला मी ते उगीचच उघडून मिटत बसायचे. मालक हे ओळखून आहेत, म्हणून अजूनही कधी कधी म्हणतात, "पुरे आता, जांभई येईल त्याला." माझी काम करण्याची तऱ्हा वेगळी. मनगट फिरत नाही, तेव्हा मी सुरी फिरवत नाही. सुरी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खोबणीत धरून हात टेबलावर टेकवते, आणि साचा एका फिरत्या बैठकीवर ठेवून डाव्या हाताच्या कडेनं ती बैठक फिरवते. नवीन माणूस आला की आधी गंमत वाटून बघतो, मग मुकाट्यानं आपल्या कामाला लागतो.

"काय म्हणाला डॉक्टर?" पॉलिशवाल्यानं चाक बंद न करताच विचारलं. तो माझ्या वयाचा आहे, पण त्याच्या गुडघ्यांना हे माहीत नाही. तो बसतो, उठतो, जिना दोन-दोन पायऱ्या चढतो, आणि वर आल्यावर म्हणतो म्हातारा झालो राव. "माझा हात सत्तर वर्षांचा आहे म्हणाला." "मग बाकीची तू केवढी?" "बाकीचीही तेवढीच असेल. फक्त तोंडावरून कळत नाही." तो हसला. मी प्लास्टर कालवायला घेतलं. प्लास्टर ओलं असतं तेव्हा ते कसंही वळतं, ठशातल्या बारीक रेघेतसुद्धा शिरतं. मग ते हळूहळू तापायला लागतं. घट्ट होताना ते गरम होतं. हात लावला की कळतं, आता आत काहीतरी कायमचं होतंय. गार झालं की संपलं, मग फोडता येतं, वळवता येत नाही. आयुष्यभर हे काम करतेय, पण आज त्या गरम साच्यावर तळवा ठेवला आणि मला माझे गुडघे आठवले, आणि मी तो साचा सोडून दिला. खाली पडून त्याचा वरचा जबडा दुभंगला. मालक आतून म्हणाले, "राहू दे, दुसरा ओत." कुणी काही विचारलं नाही. मला विचारायला हवं होतं कुणीतरी.

लहान होते तेव्हा गोळ्या होत्या. पांढऱ्या, कडू. त्यांनी सगळं उतरलं होतं, हे मला आठवतं. एक अख्खा उन्हाळा मी धावले होते. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवरून उडी मारली होती, भावाच्या आधी. पण चेहरा सुजला. गाल फुगले, डोळे आत गेले, मान दिसेनाशी झाली. शाळेत भोपळा म्हणायचे. नंतर गोळ्या थांबल्या. आईनं सांगितलं, डॉक्टर म्हणाले आता गरज नाही, झाली तू बरी. गाल उतरले, भोपळा गेला. पुढे काही वर्षांनी माझ्या हनुवटीला नवीन नाव मिळालं, चिमणी. आईला ते आवडायचं. ती म्हणायची, किती गोड नाव ठेवलंय पोरींनी. पाहुण्यांसमोर ती मला 'जरा नाजूक' म्हणायची आणि पाहुणे गेल्यावर 'जरा आळशी', आणि या दोन शब्दांच्या मध्ये मी वाढले. खरा शब्द, संधिवात, आमच्या घरात कधी आलाच नाही. तो मला बऱ्याच वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, एका अनोळखी डॉक्टरीणबाईंनी सांगितला, आणि घरी येऊन मी तो मोठ्यानं म्हटला तेव्हा आई म्हणाली, "असली नावं ठेवतातच ते लोक."

घरी पोचले तेव्हा दिवे नुकतेच लागत होते. आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, दाराकडे पाठ करून. आमच्याकडे दार उघडायला त्रास पडत नाही. बाबांनी फार पूर्वी सगळ्या दारांच्या गोल मुठी काढून लांब दांड्या बसवल्या होत्या. त्या कोपरानंही खाली होतात. ते म्हणायचे, दिसायला बऱ्या. बाबा आता नाहीत, दांड्या आहेत. मी चहा करायला बरणी पुढे ओढली, नेहमीसारखी खालून, दोन्ही तळव्यांत धरून. आमच्या घरात कुणीच बरणी वरून उचलत नाही. आईला झाकण घट्ट लावायची सवय नाही. नुसतं वर ठेवते, अर्धा आटासुद्धा फिरवत नाही. त्यापायी साखरेला मुंग्या, मीठ पाणावलेलं, बिस्किटं मऊ. बाबा म्हणायचे, तुझ्या आईच्या हातची बिस्किटं चावावी लागत नाहीत. भावाचं लग्न झालं तेव्हा वहिनीनं दुसऱ्याच दिवशी साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण तिच्या हातात आणि बरणी फरशीवर. बिचारी रडायलाच लागली. भाऊ म्हणाला, "आमच्याकडे झाकणाला धरायचं नसतं, आई धांदरट आहे." सगळे हसले होते, आई सगळ्यांत जास्त. मीसुद्धा. लहानपणी मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा घट्ट लावलेली बरणी हातात आली तेव्हा मला वाटलं होतं, ही माणसं चिक्कू आहेत, कुणी खाऊ नये म्हणून बंद करून ठेवतात.

"दमलीस?" आईनं विचारलं. "डॉक्टरला तू काय सांगितलंस?" मी म्हणाले. "काय सांगितलं? होतं ते सांगितलं." "मी कधी बोलले नाही, असं सांगितलंस." "मग बोलली होतीस का?" सुरी चालू होती, टक टक टक. "मी सात वर्षांची होते, आई." "मुलं बोलतात. तुझ्या भावाचा एक दात दुखला तर घर डोक्यावर घ्यायचा तो. तू गप्प. आम्हाला काय स्वप्न पडणार होतं? अंतर्ज्ञानी का होतो आम्ही?" ती चिडली नव्हती. हेच मला सहन होईना. ती अगदी समजुतीनं बोलत होती, न्याय करावा तसं. माझ्या गप्प राहण्याची माळ तिनं माझ्याच गळ्यात घातली होती, आणि डॉक्टरनं ती लिहून घेतली होती. माझं डोकं फिरलं. ओरडता येत नव्हतं, आपटता येत नव्हतं, तेव्हा हाताशी होतं ते केलं. चहाच्या बरणीचं झाकण उचललं, आट्यावर बसवलं आणि फिरवलं. मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली. आणखी फिरवलं. "काय करतेस?" "झाकणं लावतेय. मुंग्या होतात." साखर. मीठ. बिस्किटं. हात नुसता फिरत नव्हता, म्हणून बरणी पोटाशी धरून, झाकणावर तळवा दाबून मी अख्खं अंग फिरवत होते, आणि प्रत्येक वेळी आत काहीतरी काचेवर काच घासल्यासारखं वाजत होतं. मला ते दुखणं हवंसं वाटलं. निदान ते माझं होतं, कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. आणि आई मागे न बघता, भाजी चिरता चिरता, रोजच्या आवाजात म्हणाली, "इतकं घट्ट नको गं लावूस, सकाळी तुला उघडणार नाही."

सुरी आणखी दोनदा चालली आणि थांबली.

मी बिस्किटांची बरणी पोटाशी धरून तशीच उभी राहिले. आई वळली नाही. तिच्या पाठीवरून मला कळलं की तिनं स्वतःचं वाक्य ऐकलंय. आणि मग माझ्यासमोर ते सगळं घर एकदम उलटं झालं. दारांच्या दांड्या. नळाची लांब पाती, बाबा म्हणाले होते दुकानात दुसरी नव्हती. माझे बिनलेसचे बूट, 'आता हीच फॅशन आहे'. दप्तर भावाच्या पाठीवर, 'तो मोठा आहे ना'. माझ्या फ्रॉकना पुढे मोठी बटणं, मागे कधीच नाहीत. आणि भल्या सकाळी मांडीवर भूगोल. तासभर. बोटं सुटेपर्यंत. या घरात प्रत्येक गोष्टीला दुसरं कारण होतं, आणि पहिलं कारण मी होते. "सगळ्या झाकणांचं हेच?" मी विचारलं. माझा आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटला. "तू धांदरट नव्हतीस." "नव्हते," ती म्हणाली. "तुला दिसत होतं." तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, पुन्हा पुसले. "आई असते मी. दिसणार नाही का?"

आता ते मिळालं होतं. सकाळपासून हवं होतं ते, अगदी त्याच शब्दांत नाही पण मिळालं होतं, आणि मला वाटलं होतं की ते ऐकल्यावर काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. उलट राग आता कुठे आपल्या पायांवर नीट उभा राहिला. दिसत होतं तर मग तू रोज दारात उभी राहून ते काय विचारत होतीस, मी म्हणाले. दिसत होतं तर परत डॉक्टरकडे का नाही नेलंस. आई स्टुलावर बसली. तिला गुडघे वाकवून खाली बसता येतं, स्टूल माझ्यासाठी आहे. हेही मला तेव्हाच समजलं. "गोळ्या डॉक्टरनं नाही थांबवल्या," ती म्हणाली. "मी थांबवल्या. अर्धी अर्धी करत. तुझा चेहरा सुजला होता. शाळेतून आलीस एक दिवस, आरशासमोर उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, माझा चेहरा मला परत दे. लहान मूल असं बोलतं का कधी? मला बघवेना. मी दिला तुला परत." "हा?" मी म्हणाले. बोटानं दाखवायचं होतं, पण बोट तेवढं सरळ होत नाही, म्हणून अख्खा हात हनुवटीखाली नेला. "हा दिलास?" तिनं बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच तिनं ती हनुवटी गोड नाव न ठेवता बघितली. "परत सुरू का नाही केल्यास?" "मग सांगावं लागलं असतं, मी थांबवल्या म्हणून. डॉक्टरला. तुझ्या बाबांना. ते तेव्हा सगळ्यांना सांगत फिरत होते, मुलगी बरी झाली म्हणून. वाटलं, आज उद्या आपोआप जाईल. मग पुष्कळ दिवस झाले, मग न्यायचीच भीती वाटायला लागली. मला जमलं ते मी करत होते." "झाकणं सैल ठेवत होतीस." "हो." "मला सैल झाकणं नको होती, आई. मला मनगटं हवी होती." ती रडेल असं मला वाटलं आणि मी तयार झाले, की रडली तर आज मी तिला उगी करणार नाही. ती रडली नाही. उठली, चिरलेली भाजी पातेल्यात टाकली, झाकण ठेवलं. आम्ही जेवलो.

सकाळी मला उठवायला कुणी आलं नाही. मी छताकडे बघत पडले होते. उजवं मनगट रात्रीतून सुजून बांगडीएवढं गोल झालं होतं, आणि बाकीची मी नेहमीसारखी रेतीखाली. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. बरणी ओट्यावर टेकल्याचा, मग गप्प, मग फडक्याचा, मग पुन्हा टेकल्याचा. मी भिंत धरून गेले. आई चहाच्या बरणीशी झटत होती. फडकं लावून, दात दाबून, सगळा जोर करून. तिची ती गोल फिरणारी मनगटं थरथरत होती आणि झाकण जागचं हलत नव्हतं. चांगली असली तरी म्हातारी मनगटं होती. मी पुढे होऊन तळवा झाकणावर ठेवला आणि लगेच काढून घेतला. माझंच लावलेलं, मला उघडणं शक्यच नव्हतं. ओट्यावर चारही बरण्या ओळीनं बंद उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा आमचं स्वयंपाकघर इतर लोकांच्या स्वयंपाकघरासारखं झालं होतं आणि घरात चहा नव्हता. मला हसू आलं असतं, पण माझा राग होता तिथेच होता, आणि मी तो खाली ठेवणारही नव्हते. आईनं फडकं खाली ठेवलं. माझ्या मनगटाकडे बघितलं. तिचं तोंड त्या जुन्या प्रश्नासाठी उघडलं, मला तो येताना दिसला, आज बरं, इथपर्यंत. आणि माझं उत्तरही सवयीनं वर आलं. पण ती मध्येच थांबली. ओठ मिटले, पुन्हा उघडले.

"दुखतंय का?" आईनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"कधीपासून?"

मी स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं. "बस," म्हणाले. "सगळं सांगते."